जावईबापूंचा खर्च

मिस्त्रीने बॉनेटखाली घातलेलं डोकं बाहेर काढलं, एक बोट वर धरलं आणि डोळे बारीक करून म्हणाला, "ही बघा. आली ऐकू? शिट्टी?"

शेजारी उभ्या गाडीमालकाने मान डोलावली. "हो, आहे खरी," म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला शिट्टीबिट्टी काही ऐकू आलेली नाही. ऐकू येत होती ती नेहमीची डिझेलची घरघर, पिंपात कुणी दगड घोळवत बसावं तशी, तळपायातून चढून गुडघ्यांत आणि तिथून बरगड्यांत येऊन बसणारी. ती घरघर त्याच्या इतक्या ओळखीची झाली होती की तिच्यात जरा इकडचं तिकडे झालं तरी आपल्याला कळेल अशी त्याची खात्री होती. पण घरघरीच्या वर, खाली, आजूबाजूला कुठेही शिट्टी नव्हती. मिस्त्रीचं बोट मात्र हवेत तसंच होतं, आणि गॅरेजच्या कोपऱ्यात दुसऱ्या गाडीखाली आडवा पडलेला त्याचा जोडीदारही मान बाहेर काढून "जोरात आहे की," असं काहीतरी म्हणाला.

"कमाल आहे हां साहेब तुमची," मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाला. "टर्बोची नळी फाटलीय. हवा निसटते तिच्यातनं. महिना-दोन महिने तरी वाजत असणार. आणि तुम्ही खुशाल चालवत राहिलात? टर्बो बसला असता म्हणजे? तेवढ्या पैशांत लोक एखादी लहान मोटार घेतात."

"वाटलं, होईल आपोआप बंद."

"आपोआप! या गाडीचं आपोआप काही होत नाही साहेब. हिचा खर्च तेवढा आपोआप होतो." स्वतःच्याच बोलण्यावर खूष होऊन मिस्त्री हसला आणि त्याने इंजिन बंद केलं. "नळी मागवतो. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवतो. मग हायवेला एकदा चांगली दाबून पळवून आणा."

दवाखान्यात त्याला सगळे कानवाले म्हणत. कानांचे डॉक्टर वेगळे, ते मोठे डॉक्टर. हा त्यांच्या शेजारच्या खोलीत बसून लोकांची ऐकण्याची तपासणी करणारा. खोलीत एक आवाजबंद पेटी, फोन करण्याच्या जुन्या खोक्यापेक्षा जरा मोठी, तिला जाड काच. रोग्याला आत खुर्चीवर बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, आणि सांगायचं की बारीकसा जरी आवाज आला तरी हात वर करा. मग काचेअलीकडे बसून एकेक सूर सोडायचा, जाड, मध्यम, बारीक, अगदी बारीक, आणि प्रत्येक सूर विझत विझत जाईपर्यंत बघत राहायचं की हात कुठे वर यायचा थांबतो. इतक्या वर्षांत त्याला एक गोष्ट पुरती कळून चुकली होती. ऐकू येत नाही हे माणसं चोरीच्या मालासारखं लपवतात. तपासायला आपणहून आलेली माणसंसुद्धा. कवायत शिकवणारे एक निवृत्त मास्तर ठराविक अंतराने टकाटक हात वर करत, आवाज असो वा नसो. एक आजी त्याच्या खांद्याकडे टक लावून बघत. बटण दाबताना खांदा हलतो, हे त्यांनी आल्या आल्या ताडलेलं. अशांसाठी त्याच्याकडे एक साधी युक्ती होती. तो मध्येच काहीच वाजवत नसे. नुसता बसून राही. मग त्या शांततेत थोड्या वेळाने हात हळूच वर यायचा, आणि हा काचेपलीकडून हसून म्हणायचा, पुन्हा पहिल्यापासून करू या हं. त्या हातांबद्दल त्याला माया वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही. आज मिस्त्रीने बोट वर धरलं आणि याने, मान डोलावून का होईना, हात वर केला. शरम वाटायला हवी होती. ती वाटलीच, पण तिच्या मागोमाग, जवळजवळ तिला ढकलून, वाटली ती उत्सुकता. इतका इरसाल रोगी त्याला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

घरी जायला त्याने बस पकडली. गाडी घेतल्यापासून तो बसमध्ये चढला नव्हता. समोरच्या बाकावर एक मुलगी बटाट्याच्या कापांची पिशवी घेऊन बसली होती, ती चकचकीत, हात घातला की चुरचुरणारी. मुलगी हात घालत होती, पिशवीला सुरकुत्या पडत होत्या, उजेड त्या सुरकुत्यांवरून घसरत होता, आणि आवाज नव्हता. तो पुढे वाकला. मुलीने पिशवी जरा आपल्याकडे ओढून घेतली. ओढतानाही आवाज नाही. बसचं इंजिन ऐकू येत होतं, मागच्या दोन बायका कुणाच्या तरी सुनेला नावं ठेवत होत्या तेही कळत होतं, म्हणजे सूर कळत होता, शब्दांच्या कडा मात्र पाण्यात भिजलेल्या कागदासारख्या. त्याने मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं. काटा सरकत होता. उजवा कान, मग डावा. घड्याळ त्याच्या लेखी बंद पडलेलं होतं आणि वेळ मात्र बरोबर दाखवत होतं. त्याला हसू आलं. रोज सकाळी दवाखाना उघडला की पहिलं काम त्याचं असायचं. हेडफोन स्वतःच्या डोक्याला लावायचा, यंत्राचे सगळे सूर एकदा वरपासून खालपर्यंत ऐकायचे, कुठे खरखर नाही ना ते पाहायचं, आणि मग मोठ्या डॉक्टरांना सांगायचं, यंत्र ठणठणीत आहे. आता त्याला आठवायला लागलं की तो बारीक सुरांच्या वेळी काय करतो. तो यंत्रावरच्या हिरव्या दिव्याकडे बघतो. दिवा लागला म्हणजे सूर गेला. केव्हापासून बघतो? आधी ऐकत होता आणि मग बघायला लागला, असा एखादा दिवस असणारच की. तो दिवस आपल्या हातून कसा काय निसटला? दात पडला तर जिभेला कळतं, केस पिकले तर आरसा सांगतो. आवाज मात्र जाताना दार वाजवत नाही. तो निमूट उठून जातो आणि मागे राहिलेले बाकीचे आवाज जरा सैलावून बसतात, इतकंच.

आणि मग त्याच्या मनात हिशेब उभा राहिला, तो टाळता येण्यासारखा नव्हता. बारीक सूर न ऐकणाऱ्या माणसाने लोकांचे कान तपासायचे नसतात. हे मोठ्या डॉक्टरांना कळलं तर ती खोली जाईल. फार तर नावनोंदणीच्या खिडकीत बसवतील, निम्म्या पगारावर. निम्म्या पगारात घर चालेल. गाडी चालणार नाही. हप्ते अजून चांगले चार वर्षांचे बाकी होते.

गाडी म्हणजे काय साधीसुधी गाडी नव्हती. जड कामाचा डिझेल पिकअप ट्रक, मागे जोडचाकं, पुढे देवळाच्या दारासारखी उंच जाळी, आणि आत चढायला पायरी. तळ्याकाठी एक होड्यांचा क्लब होता. हंगाम संपला की होड्या चाकांवर चढवून लांबच्या गोदामात नेऊन ठेवायच्या, हंगाम आला की परत आणायच्या. सुट्टीच्या दिवशी हे काम करू, गाडी स्वतःचे पैसे स्वतः फेडील, असं त्याने बायकोला समजावलं होतं. पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या हंगामात क्लबाने स्वतःचा ट्रॅक्टर घेतला. तेव्हापासून गाडी नुसती खात होती. इंजिनात तेल ओतायचं ते बादलीने. टायर बदलायचे तर चार नव्हे, सहा. विम्याचा आकडा पहिल्यांदा बघून तर तो मटकन खुर्चीतच बसला होता. शिवाय धूर साफ ठेवणारं पाणी वेगळं, त्याची टाकी वेगळी, तिचं निळं झाकण वेगळं. जुन्या इमारतीत ती मावेना, म्हणून त्यांनी शहराच्या कडेला घर घेतलं. तिथे गाडीला ऐसपैस जागा होती आणि माणसांना दोन खोल्या. बायको एका बालवाडीत शिकवायची. पूर्वी ती चालत जाई, आता दोन बस बदलून जायची. तिने गाडीचं नाव ठेवलं होतं जावईबापू. "मुलगी नाही आपल्याला, पण जावई आलेत बघा घरी," ती शेजारणीला म्हणायची. "काम नाही, धाम नाही, आणि खाणं बघा."

पण सगळ्यात मोठी गंमत त्या गाडीच्या काजळीची होती. दवाखाना ते घर एवढ्या लुटुपुटुच्या फेऱ्यांनी तिचा धूर गाळणारा डबा काजळीने तुंबायचा. तो मोकळा करायचा तर एकच उपाय. तिला हायवेला न्यायचं आणि तासभर दामटायचं, म्हणजे आतली काजळी आपसूक जळून जाते. काही काम नसताना, कुठे जायचं नसताना, नुसतं डिझेल जाळायला डिझेल जाळत जायचं. दर दुसऱ्या रविवारी दोघं जावईबापूंना फिरवून आणायची. ती सुरुवातीला कुरकुर करत यायची, मग यायची सवय झाली. आणि बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसल्या बसल्या त्याला जाणवलं की गेल्या दोन वर्षांत बायकोशी झालेलं त्याचं सगळं धड बोलणं त्या केबिनमध्येच झालं होतं. बालवाडीतल्या पोरांच्या गमती, तिच्या बहिणीचं दुखणं, तिची जुनी स्वप्नं, सगळं. त्या घरघरीत तिला मोठ्याने बोलावं लागे. त्यालाही. तिथे ओरडून बोलणं रीतसर होतं, त्यात कुणाचं उणं निघत नव्हतं. त्या केबिनमध्ये शिरणारा प्रत्येक माणूस जरासा बहिराच असतो.

इथे तो जागच्या जागी ताठ झाला. शेजारचा माणूस त्याच्याकडे बघायला लागला. होड्या, क्लब, हंगाम, हे सगळं त्याने बायकोला सांगितलं होतं, स्वतःलाही सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण गाडी घेतली त्या शोरूममध्ये पांढरी, आवाज न करता वाऱ्यासारखी चालणारी दुसरी एक गाडी उभी होती, ओढायला पुरेशी दमदार, किमतीला बरीच कमी. ती त्याने एक चक्कर मारून नाकारली होती. का नाकारली? 'आत कसं एकटं एकटं वाटतं,' असं काहीतरी तो म्हणाला होता. विक्रेता गोंधळला होता. मग या डिझेलची किल्ली फिरली आणि त्याच्या अंगावर सुखाचा काटा आला. म्हणजे हा सगळा खर्च, हे घर, त्या दोन बस, ही जोडचाकं, यांतलं काही त्याने ठरवलंच नव्हतं की काय? त्याच्या आधी त्याच्या कानाला कळलं होतं आणि कानाने परस्पर खरेदी करून टाकली होती? त्याला हा विचार इतका नवा वाटला की तो घाबरायचंही विसरला. आपल्याच घरात कुणीतरी बिऱ्हाड करून राहतंय आणि आपल्या नावावर उधारी करतंय, असं काहीतरी.

आणि त्याच शोरूममधली एक गोष्ट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. विक्रेत्याने इंजिन चालू ठेवलं होतं. कागद पुढे केले होते. बायको गाडीच्या पलीकडे, दारावर हात ठेवून उभी होती, आणि ती काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलले होते. त्याने हसून मान डोलावली होती आणि सही केली होती. ती 'घ्या' म्हणाली असं तो धरून चालला होता. पण 'घ्या' म्हणायला ओठ एवढे हलत नाहीत. ते बरंच लांब वाक्य होतं. ते काय होतं? दोन वर्षं त्याला हा प्रश्न पडला नव्हता आणि आता त्याशिवाय दुसरं काही सुचेना.

घरी बायको गुळण्या करत होती. शाळेतून आली की ती कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करी. पोरांवर ओरडून घसा बसतो, असं त्यानेच ठरवून टाकलं होतं. "जावईबापूंना आणायला चल," तो म्हणाला. "हायवेला फिरवून बघायचंय." तिने टॉवेलला तोंड पुसलं, "आज तर शनिवारच आहे," असं म्हणाली असावी, आणि चपला घातल्या.

ऊन उतरलं होतं. हायवेला लागल्यावर त्याने गाडी दाबली. गाडी दमदार ओढायला लागली, आणि बायको सीटवर मागे रेलून मोठ्याने म्हणाली, "गेली का एकदाची शिट्टी! बरं झालं बाई."

"तुला ऐकू यायची?"

"मला? अहो, गल्लीत सगळ्यांना ऐकू यायची. शेजारीण म्हणायची, आले तुमचे, शिट्टी वाजली, चहा टाका."

"मला बोलली नाहीस."

"मला वाटलं, एवढ्या महागाच्या गाडीला असते."

तो पुढच्या मोकळ्या जागेत वळला. पांढऱ्या खडीचा एक पट्टा होता, पलीकडे तारेचं कुंपण आणि गवत. त्याने गाडी उभी केली, पण इंजिन लगेच बंद करता येत नव्हतं. एवढं पळवल्यावर टर्बो तापलेला असतो. थोडा वेळ नुसतं चालू ठेवून निवू द्यावं लागतं, नाहीतर आतल्या आत करपतो. या घरघरीत त्याला बोलायचं नव्हतं. तो स्टिअरिंग धरून बसला. बायको त्याच्याकडे बघत होती. दोघांच्या मध्ये वाटी-ताटं मांडून जेवायला बसता येईल एवढी रुंद जागा होती. मग त्याने किल्ली फिरवली. घरघर थांबली आणि एकदम इतकं रिकामं झालं की त्याला पेटीतल्या खुर्चीवर बसल्यासारखं वाटलं.

"ही गाडी घेतली त्या दिवशी," तो म्हणाला, "सही करायच्या आधी तू काहीतरी म्हणालीस. काय म्हणालीस?"

तिला आठवायला वेळ लागला नाही. तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू हा प्रश्न कधीतरी येईल म्हणून ती तयारच होती, फक्त फार उशीर झाला होता. "मी म्हटलं, मला विचारताय, की सांगताय?"

"आणि मी?"

"तुम्ही मान डोलावलीत."

त्याला हसू फुटलं. आधी त्याला, मग तिला, आणि मग तिचं थांबलं आणि तिने खिडकीबाहेर बघितलं. "मी पुष्कळ दिवस विचार केला त्याचा," ती म्हणाली. "कसला माणूस आहे. असा प्रश्न विचारला तर मान डोलावतो. आईकडे निघून जावंसं वाटलं होतं एकदा. मग म्हटलं, जाऊ दे, हौस आहे."

"मला ऐकू आलं नव्हतं," तो म्हणाला. "नुसतं त्या दिवसापासून नाही. त्याच्याही आधीपासून." आणि मग त्याने सगळं सांगितलं, मिस्त्रीचं बोट, मुलीची पिशवी, घड्याळ, हिरवा दिवा. सांगून झाल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, म्हणजे त्याला तो हळू वाटला, पण तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या त्याला दिसल्या, "घरात मी किती मोठ्यांदा बोलते ठाऊक आहे तुम्हाला? वरच्या मजल्यावरच्यांना वाटतं, आपण रोज भांडतो. वरच्या ताई विचारत होत्या, सगळं ठीक आहे ना म्हणून. शाळेत नाही हो बसत घसा. शाळेत पोरं ऐकतात माझं."

त्याला त्या गुळण्या आठवल्या. रोजची ती न्हाणीघरातली घुळघुळ. तो जाड, घोगरा आवाज होता, तो त्याला नीट ऐकू यायचा, आणि ऐकून तो स्वयंपाकघरात वर्तमानपत्र उघडत असे. या गाडीचे हप्ते आपण एकटाच भरतो, असं त्याला आजवर वाटत होतं. त्याला फार वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, तर आपण ज्या गोष्टीत हुशार समजले जातो नेमकी तीच आपल्या घरात आपल्याला दिसली नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं, आणि ते आश्चर्य काही केल्या कमी होईना.

"सोमवारी मोठ्या डॉक्टरांना सांगणार," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर त्या पेटीत बसणार. खोली जाईल माझी. पगार निम्म्यावर येईल. मग जावईबापू परवडायचे नाहीत, निदान असे परवडायचे नाहीत. भाड्याने द्यायची, विकायची, घर बदलून परत शहरात जायचं, की पोटाला चिमटा घेऊन ठेवायची?" तो थांबला. "विचारतोय."

तिने समोरच्या काचेकडे बघितलं. काचेवर किडे चिकटून वाळले होते. मग ती बोलली. ती मोठ्याने बोलली नाही. खूप वर्षांपूर्वी, जुन्या घराच्या गच्चीत, कपडे वाळत घालताना ती जशी बोलायची, स्वतःशी आणि त्याच्याशी एकदमच, तशी बोलली. तिचं तोंड खिडकीकडे होतं. तिच्या गालाची कड हलत होती. ते हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. ते लांबलचक होतं, मध्ये एकदा ती थांबली, हसली की काय कोण जाणे, आणि पुन्हा बोलायला लागली. त्याच्या कानावर एक मऊ गुणगुण येत होती, तिला कडा नव्हत्या. मग तिचं बोलणं संपलं. ती उत्तराची वाट बघत होती.

त्याची मान हलायला निघाली. त्याला ती निघालेली कळली, मानेच्या मागच्या बाजूला, हनुवटी खाली येण्याच्या अगदी आधी. किती सवयीची आणि किती हलकी होती ती. त्याने ती धरली. आयुष्यात याहून जड काही त्याने ओढलं नव्हतं.

"ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली, एक पाय वर घेऊन सीटवर नीट मांडी घालून बसली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.